जिजाजींचा कुलूपबंद स्वेटर

थांबा! हातातलं काम बाजूला ठेवा आणि हे आधी ऐका. आजच्या आज सांगितलं नाही तर माझं पोट फुटून जाईल, आणि उद्या सकाळनंतर सांगायला मी तोंड वर काढू शकेन की नाही याचा काही भरोसा नाही.

आमच्या जिजाजींचा स्वेटर बसमध्ये चढवायला चार माणसं लागली.

(खोटं नाही बोलत. चौथा माणूस कंडक्टर होता. शिव्या देत होता, पण हात लावला त्याने.)

मुळापासून सांगते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ताईचं लग्न झालं. आम्ही पांढुर्ण्याचे, तिचं सासर सौंसरला. लग्नाच्या पंगतीत ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना मी मावशी म्हणते. मी बुंदीची बादली घेऊन वाढून राहिली होती. मावशी आईला म्हणाल्या, "पोरगी शिकून राहिली ते ठीक हाये. पण घरात कोणाच्या हाताले काही कला हाये का?"

ताई मान खाली घालून बसलेली. आणि मी? मी बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "हाये ना मावशी! मी मशीनवर स्वेटर विणते!"

आता खरं काय ते ऐका. विणायचं मशीन होतं, पण आमच्याकडे नाही, शेजारच्या काकूंकडे. आणि मी ते फक्त पाहिलं होतं. तेही त्याच्यावर वाळत घातलेल्या कुरड्यांच्या खाली.

मला वाटलं, पंगतीतली गोष्ट पंगतीत जिरली. कुठली जिरते! दिवाळीला ताई माहेरी आली, चप्पल काढायच्या आधी माझी वेणी धरली.

"बेबी, तू काय बोलून ठेवलं वं ते? सासूबाईनं पूर्ण गल्लीत सांगून ठेवलं! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्यांना नवा स्वेटर घालून सगळ्या बायांना दाखवणार हायेत. रामाकोन्याच्या बाया येणार, लोधीखेड्याच्या येणार!"

"मग विणू ना," मी म्हटलं. (माझं तोंड आहे ना, ते घरात कोणाचंच ऐकत नाही, माझंही नाही.)

"नीट ऐक," ताई म्हणाली, आणि आता तिचा आवाज बारीक झाला. "मी सासूबाईंना विचारलं, बी.ए.च्या परीक्षेसाठी दोन महिने माहेरी जाऊ का? तिकडं पुस्तक उघडलं की कोणी ना कोणी चहा मागते. तर म्हणाल्या, आधी तुझ्या बहिणीचा स्वेटर येऊ दे. शब्दाचे पक्के लोक असतील तर पाठवीन. नुसत्या फेका मारणारे असतील, तर तिथं जाऊन तू कोणता अभ्यास करशील?"

म्हणजे बघा! बी.ए. ताईचं, आणि पेपर माझा!

मी पळतच काकूंकडे गेली. काका रेल्वेत. त्यांच्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा साहेबांच्या बाईंनी हे जुनं विलायती मशीन काकूंना देऊन टाकलं होतं.

"काकू, तुम्हाला चालवता येते का हे?"

"मले? मले सगळं येते!" काकू म्हणाल्या. "फक्त कधी चालवलं नाही."

"याच्यासोबत काही पुस्तक होतं का? कसं चालवायचं ते?"

"होतं ना. चांगल्या जाड कागदाचं. फळीवर डब्यायखाली अंथरलं होतं मी. मग झुरळं झाले त फेकून देल्लं."

मशीन द्यायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. मशीनसोबत त्या स्वतःही येणार. "माझं मशीन माझ्या डोळ्यापुढं राहिलं पाहिजे!" म्हणजे मशीन एक आणि सांगणाऱ्या दोघी, आई आणि काकू. दोघींनाही काही येत नव्हतं, पण वेगवेगळं येत नव्हतं!

मशीन कसं, तर लोखंडाची लांबच लांब पट्टी, तिच्यात ओळीनं सुया, प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा. एखाद्या राक्षसिणीचा कंगवा असावा तसं. त्याच्यावर एक जड डबी, ती इकडून तिकडं सरकवायची. तिला काय म्हणतात हे देवाला माहीत. आई म्हणाली, "इस्त्रीवाणी हाये." झालं, तिचं नाव इस्त्री पडलं.

मी लोकर अडकवली, देवाचं नाव घेतलं, इस्त्री सरकवली. खर्रर्र! लोकर सगळ्या सुयांवरून उडाली आणि मधात गोळा होऊन बसली. चिमणीचं घरटं! सोडवलं, पुन्हा केलं. पुन्हा घरटं. आठवडाभर आमच्या घरात इतकी घरटी झाली की अंडी तेवढी घालायची राहिली.

बाबा शाळेत मास्तर. ते कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते. वहीतून मान न काढता म्हणाले, "कापड वर चढून राहिलं. खालून ओढ पाहिजे त्याला."

"कोण ओढीन?" आई म्हणाली.

काकूंनी पदर खोचला आणि जमिनीवर बसून दोन्ही हातांनी कापड ओढलं. असं ओढलं, असं ओढलं, की काकू मागं पडल्या आणि कापड त्यांच्या हातात आलं. बाबा म्हणाले, "वहिनी, गाईचं दूध नाही काढून राहिल्या तुम्ही. वजन लटकवा काहीतरी."

आईच्या हातात त्या वेळेला कोठीचं कुलूप होतं. मी ते घेतलं, विणीच्या खालच्या काठात अडकवलं आणि खट्ट करून लावून टाकलं. इस्त्री सरकवली. सर्रर्र! ओळ झाली! परत सरकवली. दुसरी ओळ झाली! आई, काकू आणि मी अशा ओरडलो की बाबांच्या लाल पेनाने कोणाच्या तरी बरोबर उत्तरावर काट मारली.

मग काय! काठ मोठा, एक कुलूप पुरेना. कोठीचं झालं, समोरच्या दाराचं झालं, पेटीचं, सायकलचं, न्हाणीघराचं. काकूंनी त्यांच्या घरचीही आणली. एका ओळीत कुलपं लटकली. खट्ट, खट्ट, खट्ट! स्वेटर वाढून राहिला आणि दोन घरं उघडी पडली.

आता एक छोटीशी अडचण होती. विणणं सुरू करायचं कसं हे आम्हाला सापडलं, पण विणलेलं मशीनवरून उतरवायचं कसं हे काही सापडेना. सुईवरून काढलं की उसवते! मग मीच शक्कल लढवली (माझीच, दुसऱ्या कोणाला दोष नाही): उतरवायचंच नाही! पाठीपासून सुरू करायचं, खांद्यावरून वळवायचं आणि पोटापर्यंत एकाच लांब पट्ट्यात सगळा स्वेटर विणून टाकायचा. बाह्या मागाहून हातानं. आणि उतरवायचं कसं, ते उतरवताना पाहू!

पाठ झाली. खांद्यापाशी आली आणि मी आईला लग्नाच्या पंगतीची नक्कल करून दाखवू लागली. नकलेच्या नादात मधल्या सुयांवरची लोकर कधी सुटली, कळलंच नाही. पाहते तर मधोमध हे भोक!

"गेलं!" आईने कपाळावर हात मारला.

"गेलं कायचं?" काकू म्हणाल्या. "गळा झाला!"

खरंच की! गळ्याचा तर आम्ही विचारच केला नव्हता. काकूंनी भोकातून पितळी लोटा घालून पाहिला. लोटा गेला.

"जवाईचं डोकं लोट्याएवढंच हाये," काकूंनी निकाल दिला. मी पुढं विणायला लागली.

पोटापाशी आली तेव्हा इस्त्री कुरकुर करू लागली. आई म्हणाली, "तेल पाह्यजे." शिलाई मशीनच्या तेलाची कुपी रिकामी झालेली. तेव्हा आमच्या काकू ते वाक्य बोलल्या. "जवसाचं टाक ना! भाजीले चालते, केसाले चालते, दाराच्या बिजागरीले चालते. जवसाचं तेल कशालेच नाही म्हणत नाही."

आईने पळीभर ओतलं. अहाहा! इस्त्री अशी पळाली जशी लोण्यावरून! काकू म्हणाल्या, "पाह्यलं? त्या साहेबीणबाईले हे माहीत नव्हतं, म्हणून देऊन टाकलं तिनं."

शेवटच्या थोड्या ओळी राहिल्या होत्या. संक्रांत तोंडावर आलेली, तीळ कुटायचे, गूळ फोडायचा, घर सारवायचं. म्हटलं, दोन दिवसांनी एका दमात संपवू. इस्त्री अर्ध्या ओळीत तशीच उभी ठेवली.

दोन दिवसांनी हात लावला. इस्त्री हलेना! ढकलली. हलेना. आईने ढकलली, काकूंनी ढकलली, बाबांनी उभं राहून ढकलली. टेबल सरकलं, इस्त्री नाही!

आता मला सांगा, आमच्या घरात रोज सकाळी जवसाच्या तेलाच्या बाटलीचं झाकण सांडशीनं पिळून उघडावं लागते. जवसाचं तेल वाळलं की त्याची लाख होते, हे आईला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं. तिघींना लहानपणापासून माहीत होतं! पण तिघींपैकी एकीच्याही डोक्यात ते त्या दिवशी आलं नाही.

"आणखी थोडं टाक," काकू म्हणाल्या, "नरम येईल." टाकलं. "उन्हात ठेव, पातळ होईल." ठेवलं. दुपारपर्यंत उन्हात असं पक्कं झालं की मशीन, इस्त्री आणि स्वेटर एका लोखंडातून ओतून काढल्यासारखे दिसून राहिले.

आणि हळदीकुंकू उद्या!

"कापून घेऊ," मी म्हटलं.

"कापलं की सगळं उसवीन," आई म्हणाली.

"माझ्या मशीनजवळ कैची आणायची नाही!" काकू म्हणाल्या.

मी रडकुंडीला आली. डोळ्यांपुढं ताई दिसून राहिली, हातात चहाची कपबशी आणि बगलेत बंद पुस्तक. शेवटी बाबा म्हणाले, "आहे तसं घेऊन जा. स्वेटर विणला आहे, मशीनवर आहे, दिसतो आहे. आपण फेका मारणारे नाही एवढं तर त्यांना कळेल."

दुसऱ्या दिवशी गोधडीत गुंडाळून मशीन स्टँडवर नेलं. आई, काकू आणि मी. बाबा येऊ शकले नाहीत, कारण घराला लावायला एकही कुलूप नव्हतं. दोन्ही घरांची राखण करत ते ओट्यावर बसले.

कंडक्टरने गोधडी पाहिली. "ये क्या है?"

"स्वेटर," मी म्हटलं.

"बहनजी, मैं पूछ रहा हूँ, ये क्या है?"

"स्वेटरच है भैया. जवाई का."

त्याने गोधडीला बोटानं टोचून पाहिलं. "जवाई कितना बड़ा है?"

रस्त्यात खड्डा आला की सगळी कुलपं खळखळ वाजायची आणि सगळी बस मागं वळून पाहायची. एक म्हातारी म्हणाली, "काय वं पोरी, तिजोरी घेऊन चालल्या का?" काकू म्हणाल्या, "नाही वो, आहेर हाये." (हे 'आहेर' काकूंच्याच तोंडून निघालं, मी नाही म्हटलं!)

सौंसरला पोहोचलो तर ओसरी बायांनी भरलेली. आणि त्या सगळ्या बायांत एकटा पुरुष, आमचे जिजाजी, पाटावर बसलेले. बँकेत कारकून आहेत. फार गरीब स्वभाव. कोणी 'बसा' म्हटलं की बसतात, आणि 'उठा' म्हणेपर्यंत उठत नाहीत.

टेबलावर ठेवलं. गोधडी काढली. ताईने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डोळे मिटून घेतले.

लोधीखेड्याच्या एक बाई म्हणाल्या, "मशीन त दिसलं बापा. स्वेटर कुठी हाये?"

"हा काय, लटकून राहिला," मी म्हटलं. "फक्त उतरवायचा आहे."

मावशींचा चेहरा लाल. पण बायांसमोर मागं कशा हटतील? जिजाजींना म्हणाल्या, "ऊठ रे. घाल अंगात."

"असाच?" जिजाजींनी विचारलं.

"असाच!"

जिजाजी टेबलासमोर गुडघ्यावर बसले आणि भोकात डोकं घातलं. कानापर्यंत गेलं आणि अडकलं. (लोट्याला कान नसतात, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं!) काकूंनी वरून दाबलं, आईने खालून ओढलं, पॉक! डोकं बाहेर आलं. आता दृश्य पाहा: पाठीवरून पट्टा खाली, त्याला दोन घरची कुलपं. पुढून पट्टा थेट मशीनला जोडलेला, हनुवटी टेबलाच्या काठावर. जुवाला जुंपलेला बैल तरी मान हलवू शकते, जिजाजींना तेही जमेना.

"कसा वाटते?" मी विचारलं. (विचारायची काही गरज होती का? पण माझं तोंड!)

"गरम आहे," जिजाजी म्हणाले. खरंच गरीब माणूस!

"ते मागचे कुलपं त काढा आधी," मावशी ओरडल्या. "गळा आवळून राहिले त्याचा!"

आई माझ्याकडे पाहते, मी काकूंकडे पाहते, काकू वर पाहतात. किल्ल्या? किल्ल्यांचा जुडगा पांढुर्ण्याला, खुंटीवर!

तेव्हा ताई उठली. आत गेली, कैची आणली आणि काकूंनी "माझं मशीन!" म्हणायच्या आत सुयांच्या खालून सरळ कचकच कापून टाकलं. जिजाजी मोकळे! बाया हसल्या. जिजाजीही हसले, आणि लाज झाकायला तिळगुळाची थाळी घेऊन वाटायला निघाले. ओसरीभर फिरले. मागं कुलपं खळखळ, पुढं... पुढं त्या कापलेल्या काठाची लोकर दाराच्या खिळ्याला अडकली होती, हे कोणालाच दिसलं नाही. जिजाजी दोन बायांना तिळगूळ देत, आणि एक ओळ उसवे. चार बायांना देत, दोन ओळी उसवत. "गोड बोला, गोड बोला" करत करत ते परत आपल्या पाटापाशी आले तेव्हा समोरून छाती पूर्ण उघडी, बनियनवर फक्त गळा आणि मागं कुलपं! आणि ओसरीभर बाया लोकरीत गुंडाळलेल्या.

अशा हसल्या बाया, अशा हसल्या! ती लोधीखेड्याची तर खांबाला धरून हसली. ताई मात्र हसत नव्हती. हातात कैची घेऊन उभी होती. मला वाटलं, गेलं. बी.ए. गेलं. माझ्या एका बादलीभर फुशारकीत माझ्या बहिणीचं वर्ष गेलं.

तेवढ्यात मावशी उठल्या. करंडा उचलला, सरळ मशीनपाशी गेल्या, आणि इस्त्रीला हळद लावली, कुंकू लावलं, वर तीळ वाहिले.

"हासता कायले वं?" त्या कडाडल्या. "स्वेटर त कोणीबी देते! माझ्या सुनेच्या माहेरच्यानं पूरं मशीन देल्लं! संक्रांतीचं वाण! आणलं का तुमच्यापैकी कोणाच्या सुनेनं?"

बाया चूप. आई चूप. मी चूप (हे पहिल्यांदा घडलं). संक्रांतीचं वाण, तेही हळदीकुंकू लागलेलं! ते परत कोण मागते?

मी हळूच काकूंकडे पाहिलं. काकूंच्या तोंडात तिळाचा लाडू होता. चावणं बंद झालं होतं. मग त्यांनी लाडू गिळला, माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "पोट्टे, तुह्या लग्नात माह्याकडून हाच आहेर झाला असं समजजो. वाटीसुद्धा भेटणार नाही तुले!"

मावशी तर अशा खूश, अशा खूश! ताईला जवळ घेतलं. "जाय वं तू. बिनधास्त जाय. शब्दाचे पक्के हायेत तुह्या माहेरचे. पेपर देऊनच ये."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे. दोघींच्या डोळ्यांत पाणी! मी म्हटलं, जमलं! माझ्या फुशारकीनं बिघडलेलं सगळं माझ्याच मशीननं (बरं, काकूंच्या) जुळवून आणलं! आणि तेवढ्यात मावशी माझ्याकडे वळल्या.

"पण मशीन घरात येऊन काय फायदा, चालवणारं पाह्यजे ना? हिची बहीण राहीन दोन महिने इथंच. मले शिकवीन!"

"मीबी येईन," रामाकोन्याच्या बाई म्हणाल्या.

"मलेबी शिकाचं हाये," लोधीखेड्याची म्हणाली. तीच, खांबाला धरून हसणारी.

आता आई काहीतरी बोलेल म्हणून मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "राहीन ना! तिले आवडतेच शिकवाले."

तर आता असं आहे की ताई पांढुर्ण्याला माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर बसून अभ्यास करून राहिली, आणि मी सौंसरला ताईच्या सासरी बसून हे लिहून राहिली. इस्त्री अजून जागची हलली नाही. मावशींना मी सांगितलं आहे की पहिले काही दिवस मशीनला हात लावायचा नसते, नुसती समज वाढवायची असते. त्या मान डोलावतात. उद्या सकाळी पहिला वर्ग. ओसरीत सतरंजी आत्ताच अंथरून झाली, आणि मला मावशी 'बाई' म्हणायला लागल्या!

तुमच्यासोबत झालं का कधी असं? जे आपल्याला ठार येत नाही तेच शिकवायला बसवलं का कोणी? बसवलं असेल तर पहिल्या दिवशी काय शिकवलं, तेवढं कृपा करून लवकर सांगा. आणि मशीन चालवता येत नसेल, नुसतं विणीचं एखादं नाव माहीत असेल, तरी चालेल. बाया सकाळीच येणार हायेत!